पडल्या झाडाचे सरपण

कोकणातील घरात वैशाख उजाडला म्हणजे 'आगोट' हा एकच शब्द लहानथोरांच्या तोंडी असतो. पापड, सांडगे, आमसुले, मीठ-मिरची यांची बेगमी गृहिणींनी करावी. कौले चाळणे, पन्हळी साफ करणे आणि चार महिन्यांचे सरपण आत घेणे ही कामे पुरुषांनी पाहावी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. शहरातील वाचकांस हा सारा प्रपंच जुनाट वाटेल. आमच्याही स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहेच. परंतु न्हाणीघरातील बंब, भात उकडण्याची चूल आणि श्राद्धपक्षास अंगणात मांडावयाची मोठी चुलाणे ही अद्याप लाकडावरच चालतात. आषाढात ओले लाकूड फुंकून फुंकून जिचे डोळे लाल झाले आहेत अशा कोणत्याही सासुरवाशिणीस विचारा. वाळलेल्या फाट्याचे मोल ती सांगेल.

दरवर्षी हे सरपण आम्ही वाळक्या फांद्या उतरवून आणि थोडे विकत घेऊन भरीत असू. २०२१ साली मात्र ते एका रात्रीत दारी येऊन पडले. असे दारी आलेले लाकूड घरात कसे घ्यावे, हे त्या वर्षी आम्हांस ठेचा खाऊन शिकावे लागले. ती हकीकत सांगण्यासारखी आहे असे वाटल्यावरून ती येथे देत आहे.

एका पालीचा प्रताप

त्या वर्षी अक्षय्यतृतीया १४ मे रोजी होती. सणाचा आमरस अंगी लागतो न लागतो तोच 'तौक्ते' नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे निघाल्याच्या वार्ता येऊ लागल्या. हे नाव म्यानमार देशाने सुचविलेले असून त्याचा अर्थ मोठ्याने ओरडणारी एक जातीची पाल, असे समजल्यावर आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "पाल चुकचुकली म्हणजे आम्ही 'कृष्ण कृष्ण' म्हणतो, ही तर दारात येऊन ओरडणार!" १६ मे, रविवार, या दिवशी ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतून गेले. दुसऱ्या दिवशी रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. परंतु आमच्या राजापूर तालुक्यातील वाडीपुरते त्याचे काम रविवारीच आटोपले होते.

सोमवारी सकाळी दार उघडून पाहतो तो अंगणात ऊन! जेथे पन्नास वर्षे ऊन पडले नव्हते, तेथे लख्ख ऊन पडलेले पाहून प्रथम काय झाले हे उमजेना. मग ध्यानी आले की, विहिरीजवळचा फणस नाही. आमच्या आजोबांनी लावलेला, दोघांच्या कवेत न मावणारा तो वृक्ष मुळांसकट उपटून गोठ्याच्या बाजूस आडवा झाला होता. आमच्याकडे जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ. मुळे खोल न जाता पसरतात. त्यातून वैशाखातील फणस म्हणजे फळांनी लगडलेला आणि पानांनी गच्च. वाऱ्यास तो शिडासारखा सापडला. त्याच्या जोडीस दोन रायवळ आंबे, पाच माड, एक जांभूळ, कुंपणावरची कण्हेर आणि काजूची काही कलमे अशी एकूण पडझड होती. वीज गेलेली, रस्ता बंद, आणि साथीच्या दुसऱ्या लाटेमुळे जिल्ह्याबाहेरून कोणी मजूर येण्याची आशा नाही.

घरची पंचायत

आमचे कुटुंब एकत्र; मतेही अर्थातच अनेक. धाकटे चुलतबंधू म्हणाले, "दोन दिवसांत सारे कापून मोकळे होऊ." पुतण्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो, महाविद्यालय बंद म्हणून तो घरीच होता. त्याने यांत्रिक करवत मिळविण्याचे पत्करले. तिसऱ्या दिवशी एक व्यापारी येऊन फणसाच्या बुंध्याभोवती फिरला आणि म्हणाला, "जागा मोकळी करून देतो, लाकूड माझे." थोडक्यात, पन्नास वर्षांचा वृक्ष त्यास फुकट हवा होता. वादळानंतर प्रत्येकास निकड असते, आणि जेथे निकड तेथे असे लोक भाव पाडावयास येतातच. चुलतबंधूंस ते मान्य होते. आमचे वडील चुलते अण्णा पंचाहत्तरीच्या पुढचे, ते एवढेच म्हणाले, "झाड पडले आहे, आपण पडलेलो नाही. आधी तलाठ्यांस कळवा."

ही सूचना बहुमोल ठरली. पुष्कळ लोक उतावीळपणे झाड तोडून टाकतात आणि मग नुकसानभरपाईसाठी दाखवावयास काही उरत नाही. वाटेवर किंवा घरावर आलेल्या फांद्या तेवढ्या दूर कराव्या, बाकीची छायाचित्रे घेऊन ठेवावी आणि पंचनामा झाल्यावरच मोठ्या लाकडास हात लावावा. शिवाय महाराष्ट्रात वृक्षतोडीचा १९६४ सालचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, ऐन, किंजळ इत्यादी झाडे आहेत. झाड वाऱ्याने पाडले की कुऱ्हाडीने, हे मागाहून सांगण्यापेक्षा आधी लिहून घेतलेले बरे.

पंचनाम्यास चार दिवस लागले. ते चार दिवस चुलतबंधूंस डोंगराएवढे वाटले. कारण मृगास तीनच आठवडे उरले होते.

"कापायची घाई नको"

आमच्या वाडीत एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारे त्यांस आबा म्हणतात. लाकूड कापण्यात त्यांची हयात गेली. अण्णांनी त्यांस बोलावून घेतले. आबा आले, फणसाभोवती एक फेरी मारली, दोन ठिकाणी बुंध्यास हात लावला आणि ओट्यावर बसून म्हणाले, "अण्णा, कापायची घाई नको, फोडायची घाई करा." त्या वाक्याचा अर्थ त्या क्षणी कोणासही कळला नाही. पुढील तीन आठवड्यांत तो पुरता कळला.

उभे झाड तोडणे आणि वादळाने पाडलेले झाड कापणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. उभ्या झाडाचा भार कोणत्या बाजूस आहे हे दिसते. पडलेले झाड हे ओढून धरलेल्या धनुष्यासारखे असते. त्यात जागोजाग ताण भरलेला असतो आणि तो डोळ्यांस दिसत नाही.

सर्वांत मोठा धोका मुळांच्या गड्ड्याचा. फणसाबरोबर मुळे, माती आणि दगड मिळून पुरुषभर उंचीची एक भिंतच उभी राहिली होती आणि तिच्यामागे मोठा खड्डा पडला होता. मुलांस त्या खड्ड्यात खेळण्याची भारी हौस. आबांनी प्रथम काय केले असेल, तर खड्ड्याभोवती दोरी बांधून मुलांस तेथून हाकलले. कारण असे की, बुंध्याच्या वजनाने तो गड्डा आडवा धरलेला असतो. बुंधा कापून अलग झाला की तो गड्डा एकाएकी मागे, आपल्या जुन्या जागी, धाडकन बसतो. खड्ड्यात कोणी असेल तर हाक मारावयासही अवधी मिळत नाही. म्हणून आबांनी गड्ड्यास दोर लावून तो शेजारच्या किंजळीस बांधला, मुळाकडे चार-पाच हात बुंधा राखला आणि मगच तेथे करवत लावू दिली.

दुसरी गोष्ट करवत अडकण्याची. ओंडका दोन्ही टोकांस टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. अशा ठिकाणी वरून कापीत गेल्यास लाकूड मिटते आणि करवत चिमट्यात सापडते. याउलट एक टोक टेकलेले व दुसरे लोंबते असेल, तर वरची बाजू ताणलेली व खालची दाबलेली असते. तेथे केवळ वरून कापल्यास लाकूड अर्ध्यातच फाटून कापणाऱ्याच्या अंगावर येते. आबांचा नियम सोपा होता: जी बाजू दाबलेली आहे ती आधी तिसऱ्या हिश्शापर्यंत कापावी, मग ताणलेल्या बाजूने येऊन काप पुरा करावा. ज्या फांद्या बुंध्याखाली वाकून दबलेल्या असतात, त्यांच्यासमोर तर कधीच उभे राहू नये; तोडताच त्या चाबकासारख्या उसळतात.

याशिवाय विजेची तार फांद्यांत गुंतली असेल, तर वीज गेलेली आहे या भरवशावर तिला शिवू नये. ती केव्हा येईल याचा नेम नसतो. वीजमंडळाच्या माणसाने प्रवाह तोडल्याचे सांगितल्यावरच पुढे व्हावे. पाला काठीने हलवून पाहिल्याशिवाय त्यात हात घालू नये, कारण बेघर झालेले साप, विंचू आणि तांबड्या मुंग्या तेथेच आसरा घेतात. आणि फणसाचा चीक करवतीस चिकटून ती चालेनाशी होते, म्हणून पात्यास मधूनमधून तेल लावावे. हे शेवटचे मात्र आबांनी नव्हे, विळीवर जन्मभर फणस चिरलेल्या आत्याबाईंनी सांगितले!

दुपारचा एक तास

आता जे सांगावयाचे ते सांगताना आजही हात थरथरतो.

कोकणातील उन्हाळा विदर्भासारखा चटके देणारा नव्हे. पारा चौतीस-पस्तीसच्या पुढे सहसा जात नाही. म्हणून बाहेरच्यास तो सौम्य वाटतो. परंतु हवेत ओलावा इतका की आलेला घाम वाळतच नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. त्यातून वादळानंतर वारा पडलेला, सावली देणारी झाडेच आडवी झालेली, विजेअभावी पंखे बंद. अशा दिवसांत आबांचा दिनक्रम ठरलेला असे: पहाटे फटफटल्यापासून नवाच्या सुमारापर्यंत काम, मग थेट ऊन कलेपर्यंत विश्रांती, पुन्हा साडेचार ते दिवेलागण. मधल्या वेळात सावलीत बसून करवतीस दात लावणे एवढेच.

पंचनामा झाल्यावर तिसऱ्या दिवशी पुतण्यास यांत्रिक करवत मिळाली. ती संध्याकाळी परत द्यावयाची होती. आबा नवास उठून घरी गेले, पण पुतण्या म्हणाला, "काका, मशीन आजच्या दिवसापुरतेच आहे. एवढा आंबा उरकतो." मीही त्यास आवरले नाही. खरे सांगावयाचे तर मलाही ढीग वाढताना पाहून बरे वाटत होते. हा दोष माझा.

साडेबारास मी त्याला पाणी घेऊन गेलो, तो तो करवत खाली ठेवून एका ओंडक्यावर बसला होता आणि काहीतरी असंबद्ध बोलत होता. "फणस उभा करायचा आहे," असे दोनदा म्हणाला. हात धरून पाहतो तो अंग तव्यासारखे तापलेले. मी हाक मारली. घरातून सारी माणसे धावली. त्या दिवसांत ताप म्हटले की साथीचाच विचार प्रथम मनात येई, त्यामुळे क्षणभर सर्वजण जागच्या जागी थबकले. आत्याबाई मात्र पुढे झाल्या. "हे ऊन लागले आहे. पडवीत घ्या. सदरा काढा. विहिरीचे पाणी आणा," अशा त्यांनी भराभर आज्ञा केल्या. आम्ही त्याच्या अंगावर पाणी ओतीत राहिलो, मानेशी, काखेत व जांघेत ओली फडकी ठेवली, आणि वहिनी सुपाने वारा घालीत बसल्या. कोणी पन्हे पुढे केले ते आत्याबाईंनी दूर सारले. माणूस पुरता सावध नसता त्याच्या तोंडात काही घातले, तर ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

डॉक्टरांकडे जाण्याचा रस्ता एका वडाने अडविलेला होता. वाडीतील तरुणांनी तो वाट करण्यापुरता कापला, आणि अडीच तासांनी डॉक्टर आले. तोवर मुलगा शुद्धीवर येऊन ओळखून बोलू लागला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, पाणी ओतण्यास अर्धा तास उशीर झाला असता तर गोष्ट हाताबाहेर जाती. वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत, आणि ते योग्यच होते.

म्हणून कळकळीने सांगावेसे वाटते. उन्हात श्रम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट पाहू नये. दर अर्ध्या तासाने थोडे थोडे प्यावे. नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेली पेज, ताक, कोकमाचे सरबत किंवा पन्हे बरे, कारण घामावाटे मीठही जाते. एकट्याने काम करू नये. डोके दुखणे, मळमळ, पाय लटपटणे ही पहिली सूचना. तेथेच थांबून सावलीत यावे. आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर ती थट्टेची गोष्ट नव्हे. डॉक्टर येईपर्यंत अंग निववीत राहणे हा त्यावर पहिला उपाय होय.

कोणते लाकूड कशाचे

त्या दिवसानंतर चुलतबंधूंनीही घाईचे नाव काढले नाही. आबांच्या तंत्राने काम सुरू झाले, आणि त्यातील पहिला पाठ असा की, पडलेले सर्वच लाकूड सरपण नव्हे. किंबहुना, पडलेले प्रत्येक झाड मेलेलेही नसते. काजूची चार कोवळी कलमे एका बाजूने मुळे धरून होती. त्यांच्या फांद्या छाटून, हळूहळू उभी करून, टेकू देऊन मुळांवर माती ओढली. त्यांतील तीन जगली.

माडाच्या खोडाचे सरपण करण्याच्या भरीस पडू नये. ते तंतूंचे असल्यामुळे नीट फुटत नाही, पाणी फार धरते आणि धुमसत राहते. परंतु ते तसेच पडूही देऊ नये. आत्याबाईंचे सासर श्रीवर्धनच्या बाजूचे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ त्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा माड-पोफळींच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, आणि मागोमाग पाऊस आला. कुजत्या खोडांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याची प्रजा उरलेल्या उभ्या माडांच्या कोंबांवर चालून जाते. म्हणून आम्ही माडांची जुनी, टणक खोडे चिरून साकवास व गोठ्याच्या वाशांस वापरली आणि शेंड्याकडील मऊ भाग तुकडे करून जाळून टाकला.

कण्हेर विषारी, तिचे लाकूड चुलीत घालू नये, तिचा धूरही बाधतो. ती वेगळी काढून पुरली. जांभूळ पाण्यात टिकते, म्हणून त्याचा सरळ भाग विहिरीच्या कामास राखला. आंबा हे मात्र खरे जळण. रायवळ आंब्याचे लाकूड फुटते बरे आणि जळतेही बरे.

राहिला फणस. त्याचा पिवळाधमक गाभा करवतीखाली उघडा झाला तेव्हा अण्णा जवळ येऊन उभे राहिले. या लाकडास वाळवी सहज धरीत नाही. दक्षिणेत वीणा आणि मृदंग याच लाकडाचे घडवितात, आणि आमच्या घरचे पाट व देव्हारा याचेच. अण्णा म्हणाले, "फांद्या जाळा. बुंधा जाळण्याइतके आपण दरिद्री नाही, आणि फुकट देण्याइतके श्रीमंतही नाही." बुंध्याचे तीन ओंडके करून, त्यांच्या कापलेल्या तोंडांस शेण-माती लिंपून ते सावलीत ठेवले, म्हणजे एकदम वाळून तडे जात नाहीत. पुढे गिरणीवर त्यांच्या फळ्या झाल्या.

फोडायची घाई

आता आबांच्या वाक्याचा उत्तरार्ध. नुकत्याच पडलेल्या झाडाच्या वजनात सुमारे निम्मे पाणी असते. म्हणजे शंभर किलो ओले लाकूड चुलीत घातले, तर त्यात पन्नास किलो पाणीच आपण पेटवीत असतो! एक किलो पाण्याची वाफ करण्यास, ते तापविण्याची उष्णता धरून, सहाशे किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते. पन्नास किलोंस तीस हजार. उरलेले पन्नास किलो कोरडे लाकूड सव्वादोन लक्षांच्या जवळपास उष्णता देते. त्यातील सातवा-आठवा हिस्सा असा वाफेतच जातो. पण खरी हानी त्याहून मोठी: ओल्या लाकडाचा जाळ थंड राहतो, त्यातील वायू पुरते जळत नाहीत, आणि ते धूर होऊन भांड्यांवर, भिंतींवर व चूल पेटविणारीच्या छातीत बसतात.

हे पाणी लाकडाबाहेर पडते ते मुख्यत्वे कापलेल्या तोंडांतून. सालीतून फारच थोडे. अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला असतो. म्हणून तो हात-दीड हात लांबीचा कापून लगेच फोडला पाहिजे. ताजे लाकूड पाचर घालून घणाने फोडणे बहुधा सोपेही जाते. वाळल्यावर तेच घट्ट होऊन बसते. अशा रीतीने, कापण्यात गेलेला दिवस भरून काढता येतो. पण फोडण्यात घालविलेला उन्हाचा दिवस पावसाळ्यात परत मिळत नाही. "फोडायची घाई करा," याचा अर्थ हा.

मग वाडीचा नेम ठरला. सकाळी आबा व दोघे कापीत. संध्याकाळी आम्ही घरचे पुरुष फोडीत असू. आणि दुपारी, पडवीच्या सावलीत, बायका-मुले पडलेल्या कैऱ्यांची आंबोशी व फणसाचे तळलेले गरे करण्यात गुंतलेली. फोडलेली फाटी उन्हात एकावर एक आडवीउभी रचली, म्हणजे मधून वारा खेळतो. खाली जांभ्याचे चिरे घालून ती जमिनीपासून वीतभर उचलली, नाहीतर वाळवी व ओल दोन्ही लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून येऊ लागले, तसे सारे गोठ्याच्या लगतच्या मांगरात आणले. तेथेही भिंतीस टेकून न रचता हातभर जागा सोडली आणि वाऱ्याची बाजू उघडी ठेवली.

एवढ्याने लाकूड पुरते वाळले, असे मात्र कोणी समजू नये. पातळ ढलप्या व बोटाएवढ्या डहाळ्या दोन-तीन आठवड्यांत चुलीजोग्या होतात. जाड फाट्यास सहा महिने, कधी वर्षही लागते. म्हणून आम्ही दोन ढीग केले: बारीक या वर्षीचा, जाड पुढल्या वर्षीचा, आणि जुने उरलेले सरपण सर्वांत पुढे ठेवले. वाळल्याची खूण अशी की, दोन फाटी एकमेकांवर आपटली असता टणत्कार उठतो. ओली असल्यास धप्प आवाज येतो. आमच्या घरातील मुले पावसाळाभर हीच परीक्षा घेत हिंडत होती.

आषाढातील एक रात्र

त्या सरपणाचा पहिला मोठा उपयोग आमच्या बंबास झाला नाही. आषाढात, संततधार चालू असता, पलीकडच्या वाडीतील एक वृद्धा वारली. रात्री दहाच्या सुमारास तिचा मुलगा कंदील घेऊन अंगणात उभा राहिला. त्यास काय हवे ते बोलणे जड जात होते. कोकणात पावसाळ्यात मृत्यू आला म्हणजे दुःखाच्या जोडीस कोरड्या लाकडाची चिंता असते; आणि त्या वर्षी, साथीत, वादळात घरांची छपरे उडालेल्यांकडे कोरडे असे काही उरलेच नव्हते. अण्णांनी त्यास पुढे बोलू दिले नाही. "मांगर उघडा," एवढेच म्हणाले.

आम्ही आंब्याची फाटी, वर जुने सरपण, अशी ताडपत्रीखाली गाडीत भरली. भरताना आमच्या चुलतबंधूंनी सहज दोन फाटी एकमेकांवर आपटली. आवाज खणखणीत आला. ते काही बोलले नाहीत. पण जे लाकूड वादळानंतर त्यांस केवळ वाटेतली अडगळ वाटले होते, ते त्यांनी त्या रात्री भिजू नये म्हणून स्वतःच्या अंगावरची इरली काढून झाकले.

लाकडाच्या फळ्या झाल्या, त्यांपैकी दोनांचे पाट झाले. एक वहिनींच्या स्वयंपाकघरात आहे, दुसरा आबांच्या घरी. आणि मुळांचा तो खड्डा? फणसाच्या आठळ्या ताज्याच पेराव्या लागतात. वाळवून ठेवल्या तर काही आठवड्यांत त्यांची उगवणशक्ती जाते. म्हणून पडलेल्या झाडाच्याच एका पिकल्या फळातील सात आठळ्या पुतण्याने, बरा झाल्यावर, खड्डा भरून त्याच जागी लावल्या. पाच उगवल्या, एक राखली. तिला फळ धरावयास आणखी काही वर्षे जातील. अण्णा रोज सायंकाळी तिच्यापाशी जाऊन उभे राहतात. त्यांस त्या फळाची घाई नाही.